खेळाच्या टेबलावर पारदर्शक शीट: अॅक्रिलिक, पॉलीकार्बोनेट की सरळ काच?

वीसकोनी
मंडळी, आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) कंपू शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जमतो. टेबल पाच बाय तीन फुटांचं, प्लायवर सनमायका, सुताराकडून करून घेतलेलं. नकाशे कागदावर छापून आणतो, एक-एक इंचाच्या चौकोनांचे. पण त्यावर मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, सरकवायची, फासे टाकायचे, शेजारी चहाचे कप, त्यामुळे कागदाचे हाल होतात. शिवाय खेळात कोणी मंत्राने आगीचा गोळा टाकला की त्याचा घेर नकाशावर काढावा लागतो. पेनाने काढला की तो नकाशा बाद.

तर नकाशा खाली, वर पारदर्शक शीट, शीटवर मार्करने काय काढायचं ते काढा आणि खेळ संपला की पुसा, असा बेत आहे. पुण्यात बोहरी आळीत चौकशी केली तर एक दुकानदार म्हणाला अॅक्रिलिक घ्या, दुसरा म्हणाला पॉलीकार्बोनेट घ्या, हातोडा मारला तरी फुटत नाही. मला हातोडा मारायचा नाहीये. किती जाडीची घ्यावी? टेबलाला पक्की बसवावी की नुसती ठेवावी? आणि मार्कर कोणता?

ता.क. हा जुगार नाही. फासे असतात, पैसे नसतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना समजावून झालंय, इथे परत नको.

गोटीसोडा
रुमाल टाकून ठेवतो. आज शकुनीमामा असायला हवे होते, पटाखाली काय अंथरायचं ते नेमकं सांगितलं असतं.

पमा
एवढा विचार कशाला? डायनिंग टेबलावर टाकतात ती मऊ पारदर्शक शीट मीटरवर मिळते. घरच्या कात्रीने कापा, काम झालं की गुंडाळून कपाटामागे उभी करा. फाशांचा आवाजही होत नाही. आमच्या टेबलावर कित्येक वर्षं आहे.

तिरकस_सुतार
पमाताई, जेवणाच्या टेबलाला ती ठीक आहे. छापील कागदावर टाकू नका. ती पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ करायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात आणि ते हळूहळू बाहेर येत राहतं. जुन्या फाइलमध्ये झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरला चिकटून अक्षरं फोल्डरवर उमटलेली सगळ्यांनी पाहिली असतील, तोच प्रकार. लेझर प्रिंटचा नकाशा महिनाभर त्याखाली राहिला, त्यात उन्हाळा असला, तर टोनर शीटला लागतो आणि उचलताना नकाशाचं कातडं सोलल्यासारखं होतं. पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर तर मी कोणालाच ती टाकू देत नाही, पॉलिशवर डाग धरते. सनमायकाला तसा धोका नाही.

दुसरं म्हणजे गुंडाळीचा बाक. उन्हात पसरून ठेवली की बराचसा जातो, पण कडा वर राहतात आणि मिनिएचर कडेला हमखास आडवी पडतात.

वीसकोनी, तुमच्या टेबलाच्या चारी बाजूंना पट्टी आहे का आणि असली तर वरच्या पातळीपेक्षा उंच आहे का? त्यावर बरंच ठरेल.

वीसकोनी
पट्टी आहे, पण वरच्या पृष्ठभागाशी सपाट. उंच नाही.

आबा_नेमप्लेटवाले
पाट्या बनवण्यात हयात गेली, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क सांगतो. जरा लांबेल.

आधी दोघांतला फरक. पॉलीकार्बोनेट मार बसला तरी सहज फुटत नाही, म्हणून दंगलीतल्या पोलिसांच्या ढाली आणि हेल्मेटच्या काचा त्याच्या असतात. पण त्यावर नखाने ओढलं तरी रेघ उठते. वेगळा लेप दिलेलं असेल तर गोष्ट निराळी, पण ते दर दुकानात मिळत नाही आणि महाग असतं. अॅक्रिलिक त्यामानाने ठिसूळ, पण ओरखड्याला जास्त टिकतं, जास्त नितळ दिसतं आणि ओरखडा पडलाच तर गाडीच्या रबिंग कंपाउंडने घासून बराच काढता येतो. तुमची शीट टेबलावर सपाट पडून राहणार, खालून पूर्ण आधार, वरून फासे. फुटायचा प्रश्नच नाही, ओरखड्याचा आहे. म्हणून अॅक्रिलिक.

अॅक्रिलिकमध्येही दोन जाती. कास्ट म्हणजे दोन काचांच्या मध्ये ओतून केलेलं. एक्स्ट्रुडेड म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं. एक्स्ट्रुडेड स्वस्त असतं आणि जाडी सगळीकडे सारखी भरते, पण लेझरने कापलं की कडेला ताण राहतो आणि पुढे स्पिरिट किंवा अमोनियाचं काही लागलं की कडेपासून केसासारख्या तडा आत सरकतात. दुकानात ‘कास्ट आहे का’ असं स्पष्ट विचारा.

आता फसवणूक. तुकड्यांचा, भंगाराचा माल वितळवून केलेली शीट बाजारात असते. वरून बघून कळत नाही, कडेने बघा. पांढऱ्या कागदावर आडवी धरा. कड पिवळट किंवा मळकट दिसली तर सोडून द्या. कधीकधी अॅक्रिलिक म्हणून पॉलिस्टायरीन गळ्यात मारतात. ते बोटाने वाजवलं की पत्र्यासारखं वाजतं आणि चिरून मोडताना नको तिथे तुटतं. खात्री करायची असेल तर दुकानदाराकडून एक छोटा तुकडा मागून घ्या आणि दाराबाहेर जाऊन पेटवा. अॅक्रिलिक तडतडत, जवळजवळ बिनधुराचं जळतं आणि फळासारखा गोडसर वास येतो. पॉलिस्टायरीन काजळीच्या लोळ्या सोडतं. मऊ पीव्हीसीवर मात्र हा प्रयोग करू नका, त्याचा धूर घशाला वाईट.

जाडी तीन मिलिमीटर. दोनची कोपऱ्यांना उचलली जाते. पाच बाय तीन फुटांची तीन मिलिमीटरची शीट साधारण पाच किलो भरेल, पाच मिलिमीटरची सव्वाआठ किलो. दर खेळाला उचलायची आहे हे लक्षात ठेवा. कोपरे गोल करून घ्या, एका रुपयाच्या नाण्याएवढी गोलाई पुरते. टोकदार कोपरा शर्टात अडकतो आणि शीट पडली की तिथेच टवका उडतो.

राइनकाठी
आबा, दंडवत. मी ड्युसेलडॉर्फजवळ राहतो. इथे मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात माप सांगितलं की तिथल्या तिथे कापून देतात. आमच्या गटाच्या टेबलावर तीन मिलिमीटरचीच आहे.

जाडीबद्दल एक मुद्दा राहिला. खुर्चीत बसलेला माणूस नकाशाकडे बराच तिरका बघतो. अॅक्रिलिकमधून प्रकाश वळतो, त्यामुळे शीटवर ठेवलेली मिनिएचर आणि खालचा चौकोन एकमेकांपासून सरकल्यासारखे दिसतात. उभ्या रेषेपासून ६० अंश तिरकं बघितलं तर पाच मिलिमीटरच्या शीटमध्ये हा फरक साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येतो, तीनच्या शीटमध्ये दोनच्या. चौकोन २५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तीनमध्ये चालून जातं. पाचमध्ये टेबलाच्या दोन टोकांना बसलेले दोघे एकाच मिनिएचरवरून भांडतात, तू या चौकोनात आहेस की त्या. आमच्याकडे नियमांवरून होणारी भांडणंच पुरेशी आहेत.

अवांतर: अॅक्रिलिकचं प्लेक्सिग्लास हे नाव इथल्याच डार्मश्टाटच्या रोम अँड हास कंपनीचं, १९३३ सालचं. पॉलीकार्बोनेट बायर कंपनीच्या हेर्मान श्नेलनी १९५३ साली ऱ्हाइनकाठच्याच युर्डिंगनमध्ये केलं. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सनीही स्वतंत्रपणे केलं. म्हणजे या धाग्यातले दोन्ही पैलवान जर्मन तालमीतले.

गोटीसोडा
धाग्याचं नाव बदलून ‘कुस्तीचा फड’ करा.

देवरुखकर
कोकणातून एक इशारा. पावसाळ्यात नकाशा शीटखाली तसाच ठेवून देऊ नका. पूर्वी घरोघरी टेबलाच्या काचेखाली फोटो, व्हिजिटिंग कार्डं आणि एसटीचं वेळापत्रक असायचं. ते फोटो नंतर काढायला गेलं की काचेला चिकटून अर्धा चेहरा वर, अर्धा खाली. कागदात ओल शिरते आणि वरून हवा लागत नाही. खेळ झाला की नकाशा काढा, शीट पुसून कोरडी करा.

दुसरं, अॅक्रिलिक स्वतःही ओल पितं. एका बाजूला दमट आणि दुसऱ्या बाजूला कोरडं राहिलं की शीटला बाक येतो. उलटी करून सपाट ठेवली की दोन-चार दिवसांत बहुतेक सरळ होते. भिंतीला तिरकी टेकवून कधी ठेवायची नाही. पलंगाखाली, जमिनीवर आडवी.

वीसकोनी
पलंगाखाली सुटकेसांचं राज्य आहे, पण बघतो. मग शीट कायम टेबलावरच राहू दिली आणि फक्त नकाशा काढला तर?

देवरुखकर
उत्तम. खाली सनमायका आहे, काही बिघडत नाही. मधूनमधून उचलून खालून पुसा.

गप्पिष्ट
विरोधी पक्षाचा अर्ज: काच. पाच मिलिमीटरची टफन्ड काच टाका. ओरखडा नाही, पिवळी पडणं नाही, कोणताही मार्कर पुसला जातो, सॅनिटायझर ओता नाहीतर थिनर ओता, ढिम्म. काचवाला घरी आणून ठेवून जातो.

तिरकस_सुतार
काच चांगलीच. फक्त त्या मापाची पाच मिलिमीटरची काच सतरा किलोच्या पुढे जाते. दर शनिवारी नकाशा बदलायला ती उचलणार कोण? खेळाच्या मध्येच नकाशा बदलायचा तर सगळ्यांचे कप, फासे, वह्या बाजूला करून दोघांनी दोन्हीकडून उचलायची. आणि टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की पुन्हा कापता येत नाही. माप चुकलं की चुकलं. जिथे नकाशा वर्षानुवर्षं तोच राहणार आहे तिथे काचच टाका, माझी हरकत नाही.

गप्पिष्ट
उचलण्याचा मुद्दा मान्य. अर्ज मागे घेत नाही, स्थगित ठेवतो.

स्वानंदी
मार्करचं मी सांगते, आमच्या गटात पुसापुशीचं खातं माझ्याकडे आहे.

ओल्या फडक्याने पुसला जाणारा मार्कर घ्या. पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकेवर लिहायला वापरायचे तो. हाताच्या कोपराने पुसला जात नाही, पाण्याने लगेच जातो. व्हाइटबोर्ड मार्करही चालतो, पण बाही घासली की भिंत गायब, आणि आठवडाभर तसाच राहिला की फिकट सावली उरते. लाल सगळ्यात चिवट. कोणी चुकून पक्का मार्कर वापरलाच तर त्याच रेघेवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि ओला असतानाच पुसा, दोन्ही निघतात.

पुसायला पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मायक्रोफायबरचं फडकं. काचेवर मारायचा निळा स्प्रे, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही अॅक्रिलिकला लावू नका. आबांनी सांगितलेल्या तडा यानेच जातात. कोरड्या फडक्याने तर अजिबात नको. धूळ शीटवर घासली जाते, वर स्थिर वीज तयार होऊन आणखी धूळ ओढली जाते. कागदाचे छोटे टोकनही मग शीटला चिकटून फडफडत बसतात.

आणि धातूचे फासे ट्रेमध्येच. ट्रेत जुन्या ब्लेझरचं कापड किंवा फेल्ट. अॅक्रिलिकवर धातूचा फासा आपटला की बारीक टिंब उठतंच, आणि रात्री अकराला खालच्या मजल्यावरून घंटी वाजते ती वेगळीच.

वीसकोनी
हे फार उपयोगी आहे, स्वानंदीताई. आता बसवण्याचं बोलू. सुतारकाका, चारी बाजूंना पट्टी उंच करून शीट आत बसवावी का? दिसायला छान दिसेल, सरकणारही नाही.

तिरकस_सुतार
करता येईल, पण दोन गोष्टी. एक, शीट घट्ट बसवायची नाही. अॅक्रिलिक उन्हाळ्यात वाढतं. पाच फूट लांबीला २० अंशांच्या फरकात दोन मिलिमीटर धरा, वर ओलीचं थोडं. प्रत्येक बाजूला दोन-अडीच मिलिमीटर मोकळं सोडा, नाहीतर एप्रिलमध्ये मधोमध पोळीसारखी फुगेल. आणि एका बाजूला बोट घालायला अर्धगोल खाच ठेवा, नाहीतर बाहेर काढायला सुरी लागेल आणि सुरीने कडेची वाट लागेल.

दुसरी गोष्ट चहा. पट्टीच्या आत शीट असली की सांडलेला चहा पट्टीशी अडतो, फटीतून खाली उतरतो आणि शीट व नकाशा यांच्यामध्ये पसरतो. तिथे तो स्वतःहून ओढला जातो, थांबत नाही. सपाट टेबलावर मोकळी शीट असली तर निम्मा चहा कडेवरून खाली जमिनीवर जातो. बायको ओरडेल, पण नकाशा वाचेल.

माझं मत विचाराल तर पट्टी करू नका. शीट टेबलापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच लहान ठेवा म्हणजे पोट आणि कोपर कडेला लागत नाही. चार कोपऱ्यांत, नकाशाच्या बाहेर, पारदर्शक रबरी टिकल्या मिळतात त्यातल्या सगळ्यात पातळ लावा. जाड लावल्या तर शीट नकाशापासून उचलली जाते, मध्ये झोळ येतो आणि फासे टाकल्यावर डफासारखा आवाज येतो. दुहेरी टेप, सिलिकॉन, स्क्रू यातलं काही नको. कोणी स्क्रूसाठी भोक पाडू म्हणालाच तर त्याला चहा देऊन घरी पाठवा. साध्या ड्रिलने अॅक्रिलिकला भोकापासून तडा जायला वेळ लागत नाही.

पमा
दोन तुकडे केले तर? अडीच-अडीच फुटांचे. माझ्यासारखीला एकटीला उचलता येतील, लिफ्टमध्येही नीट जातील.

आबा_नेमप्लेटवाले
चांगली सूचना. सांधा चौकोनांच्या रेघेवर येऊ द्या म्हणजे डोळ्यांना टोचत नाही. पण दोन्ही तुकडे एकाच शीटमधून, एकाच वेळी कापून घ्या. वेगवेगळ्या शीटच्या जाडीत बारीक फरक असतो, सांध्यावर पायरी लागते आणि मिनिएचर तिथे ठेचकाळतात. चहाचा मुद्दा मात्र तुकड्यांनाही लागू. सांध्याच्या खालून पारदर्शक टेपची एक पट्टी लावली तर घडीही घालता येईल आणि चहाही थोडा अडेल.

राइनकाठी
मॅट फिनिशचा कोणी विचार केला का? ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नकाशावर पडतं त्यावर उपाय म्हणून.

स्वानंदी
आम्ही केला. नकाशाला चिकटून असेल तर मॅटमधूनही चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पण त्या खरखरीत पृष्ठभागात मार्करची शाई बसते ती नीट निघत नाही. त्यापेक्षा दिवा बाजूला घ्या, छताकडे तोंड करून.

कसबेकर
नकाशाचंही थोडं बोला की. मी फ्लेक्सवर छापून घेतो. कागदापेक्षा टिकाऊ, हव्या त्या मापात, सुरळी करून ठेवता येतो. फाइल देताना ‘एक चौकोन म्हणजे बरोबर एक इंच, फिट टू साइज करू नका’ हे दोनदा सांगा, वर लिहूनही द्या. आमच्या नाक्यावरचा फ्लेक्सवाला पहिल्यांदा फाइल बघून म्हणाला, भाऊंचा फोटो कुठे टाकायचा?

गोटीसोडा
कोपऱ्यात ड्रॅगन हात जोडून उभा, वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली शुभेच्छुक: समस्त गॉब्लिन मित्रमंडळ.

तिरकस_सुतार
फ्लेक्स छापून आणला की दोन दिवस मोकळ्यावर टांगा, वास आणि शाईचा ओलावा जाऊ द्या. लगेच शीटखाली दाबला तर शाई शीटला लागेल.

वीसकोनी
ठरलं. तीन मिलिमीटर, कास्ट, चकचकीत, दोन तुकडे, टेबलापेक्षा अर्धा इंच आत, कोपरे गोल, पट्टी नाही. लेझरवाल्याकडेच कापून घेतो. शीट पार्सलने येईल की मित्राच्या मागे स्कूटरवर बसून धरून आणू?

आबा_नेमप्लेटवाले
स्कूटरवर अजिबात नको. सिंहगड रोडवर वारा सुटला की शीट शिडासारखी ताणते आणि माणसासकट जाते. रिक्षात तिरके ठेवून अडीच फुटांचे तुकडे आरामात येतात. शीटच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला संरक्षक कागद घरी येईपर्यंत काढू नका. काढताना दोन्हीकडचा एकाच दिवशी काढा. एकीकडचाच राहिला तर बाक येतो. शीट उन्हात ठेवू नका, कागदाचा गोंद पक्का होतो आणि मग सोलता सोलता नखं जातात. पुठ्ठ्याच्या नळीवर कागद गुंडाळत गेलात की एका दमात निघतो.

कडा लेझरने आपोआप गुळगुळीत होतात. करवतीने कापली असेल तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आधी जाडसर, मग बारीक असा फिरवा. काही जण गॅस टॉर्चच्या ज्योतीने कडा चमकवतात. कामगाराच्या हाताला सराव असेल तरच, नाहीतर कड फुगते.

आणि लेझरवाल्याला शीट अॅक्रिलिकची आहे हे नक्की सांगा. पॉलीकार्बोनेट लेझरखाली तपकिरी जळतं. पीव्हीसी तर लेझरवर ठेवायचंच नाही. त्यातून निघणारा वायू माणसालाही वाईट आणि यंत्रालाही गंज चढवतो. चांगला लेझरवाला स्वतःच नाही म्हणेल.

वीसकोनी
शीट आली, बसली. कड पांढऱ्या कागदावर धरून बघितली, स्वच्छ आहे. सांधा बरोबर मधल्या रेघेवर आलाय. पहिल्याच खेळात अर्धा कप चहा सांडला आणि सुतारकाकांच्या भाकितानुसार जमिनीवर गेला. एक प्रश्न उरला. कापून उरलेली हातभर रुंदीची पट्टी लेझरवाल्याने दिलीय. टाकून द्यायला जीव होत नाही.

स्वानंदी
टाकू नका! त्यातून मंत्रांचे घेर कापून घ्या. खेळातल्या पाच फुटांना एक चौकोन, म्हणजे वीस फूट त्रिज्येच्या आगीच्या गोळ्याला आठ इंच व्यासाची चकती. मिनिएचरच्या डोक्यावर अलगद धरली की कोण भाजला कोण वाचला ते लगेच दिसतं, मार्करही लागत नाही. पंधरा फुटांचा शंकूही करा, तीन इंच लांब आणि टोकाला तीन इंच रुंद.

आबा_नेमप्लेटवाले
चकतीच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक ठेवायला सांगा, नाहीतर सपाट शीटवरून उचलता येत नाही. भोकही लेझरनेच, ड्रिलने नको. आणि फाइल मिलिमीटरमध्ये द्या. इंचात दिली की हे लोक हमखास काहीतरी वेगळंच कापतात.